विमान उडू लागतं, सर्टिफिकेट मागे राहतं

नव्या प्रवासी विमानाचं पहिलं उड्डाण झालं की सगळीकडे त्याची छायाचित्रं झळकतात आणि वर्षभरात यात बसायला मिळणार, अशी समजूत पसरते. सर्टिफिकेशनचं काम करणाऱ्या आम्हा मंडळींसमोर त्या दिवशी एक तक्ता उघडा असतो. नियमाचं प्रत्येक कलम, प्रत्येक उपकलम, ते पाळल्याचा पुरावा कोणत्या कागदात आहे आणि तो कागद कोणी मान्य केला, असे त्याचे रकाने. ओळी हजारोंच्या घरात. पहिल्या उड्डाणाच्या दिवशी शेवटचा रकाना बहुतांशी रिकामाच असतो. चाचणी उड्डाणाला प्रायोगिक परवाना पुरतो, प्रवासी बसवायचे तर तो रकाना भरावा लागतो.

तो भरायला किती वेळ लागेल याचं ठरावीक उत्तर नाही. एअरबस ए३५० चं पहिलं उड्डाण १४ जून २०१३ ला झालं आणि युरोपचं टाइप सर्टिफिकेट (विमानाच्या डिझाइनला नियामक प्राधिकरणाने दिलेली मान्यता) ३० सप्टेंबर २०१४ ला मिळालं, म्हणजे साडेपंधरा महिन्यांत. बोइंग ७८७ ला १५ डिसेंबर २००९ पासून २६ ऑगस्ट २०११ पर्यंत वीस महिने लागले. बोइंग ७७७एक्स २५ जानेवारी २०२० ला उडालं आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कंपनीने पहिली डिलिव्हरी २०२७ वर नेली. बातम्यांत या सगळ्याला ‘नियामक विलंब’ म्हणतात. त्या एका शब्दात निदान तीन वेगळ्या गोष्टी असतात: प्राधिकरणाने उत्तर दिलेलं नाही, अर्जदाराकडे, म्हणजे विमान बनवणाऱ्या कंपनीकडे, पुरावा तयार नाही, किंवा नियमाचा अर्थच अजून ठरलेला नाही. कामाच्या टेबलावरून दिसतं ते असं, की उशीर जाहीर होतो त्याच्या तीन-चार वर्षं आधी तो झालेला असतो.

सुरुवात अर्जापासून. अर्जाच्या तारखेला जे नियम लागू असतील ते त्या विमानाला लागतात, अमेरिकेत पार्ट २५ आणि युरोपात सीएस-२५. अमेरिकेत मोठ्या विमानाचा अर्ज ५ वर्षं जिवंत राहतो. तेवढ्यात सर्टिफिकेट हाती आलं नाही तर नवा अर्ज करायचा किंवा मुदतवाढ मागायची. मुदतवाढीत मेख अशी, की नियमांची तारीखही पुढे सरकते: सर्टिफिकेट मिळण्याच्या दिवसापासून मागे मोजलेल्या ५ वर्षांच्या आतली तारीख घ्यावी लागते. मधल्या काळात कलमांमध्ये ज्या दुरुस्त्या झाल्या त्या मग अंगावर येतात. डिझाइन गोठलेलं, सुटे भाग कापून तयार, पुरावे जुन्या कलमावर लिहिलेले. आणि आता प्रत्येक बदललेल्या कलमासमोर फरक काय आणि आपण त्यात बसतो का, हे दाखवायचं. उशीर झाला म्हणून आणखी उशीर होतो, तो असा.

त्यानंतर सर्टिफिकेशनचा पाया ठरतो. एफएए या अमेरिकेच्या प्राधिकरणाच्या पद्धतीत याला जी-१ इश्यू पेपर म्हणतात, ईएएसए या युरोपच्या प्राधिकरणाकडे सर्टिफिकेशन रिव्ह्यू आयटम. कोणती कलमं, कोणत्या दुरुस्तीपर्यंतची, कुठे सूट, कुठे समतुल्य सुरक्षा (कलम शब्दशः न पाळता तेवढीच सुरक्षा दाखवणं) आणि कुठे स्पेशल कंडिशन, हे सगळं त्यात येतं. नियम लिहिणाऱ्यांनी कल्पनाही केली नव्हती अशी रचना असेल तर तिथे स्पेशल कंडिशन लागते. तिचा मसुदा निघतो, तो लोकांसमोर मांडला जातो, त्यावर हरकती येतात, त्यांना लेखी उत्तरं द्यावी लागतात. प्रतिस्पर्धी कंपनीही हरकत घेऊ शकते, आणि घेते.

ए३२१एक्सएलआरचं उदाहरण याच जागेवरचं आहे. या विमानात धडाच्या मागच्या भागात, चाकांच्या खणामागे, इंधनाची एक टाकी थेट धडाच्या पत्र्यालाच भिंत करून बसवली आहे. वेगळी टाकी आत ठेवण्यापेक्षा यात इंधन जास्त मावतं. पण विमान पोटावर घसरलं किंवा खाली सांडलेलं इंधन पेटलं, तर वरच्या केबिनमधल्या लोकांना किती वेळ मिळेल? इतर विमानांत तिथे माल ठेवायची जागा आणि इन्सुलेशनचे थर असतात, आग आत शिरायला त्यांचा अडथळा होतो. इथे तिथे टाकीच आहे. ईएएसएने बाहेरच्या आगीपासून संरक्षणासाठी स्पेशल कंडिशन घातली, बोइंगनेही धडातल्या टाकीच्या धोक्याकडे बोट दाखवलं आणि एअरबसला त्या भागाची रचना सुधारावी लागली. २०१९ मध्ये जाहीर झालेलं विमान २०२३ मध्ये सेवेत यायचं होतं. पहिलं उड्डाण १५ जून २०२२ ला झालं, युरोपचं सर्टिफिकेट जुलै २०२४ मध्ये मिळालं आणि पहिलं विमान ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस ग्राहकाकडे गेलं. प्राधिकरणाने इथे खोडा घातला असं आम्हाला वाटत नाही. प्रश्न रास्त होता. तो रेखाचित्रावर असतानाच सुटला असता तर वजन आणि वेळ दोन्ही वाचले असते, एवढंच.

मित्सुबिशीच्या एमआरजे या छोट्या प्रवासी विमानाची गोष्ट जास्त चटका लावणारी आहे. ११ नोव्हेंबर २०१५ ला ते उडालं. जानेवारी २०१७ मध्ये कंपनीने जाहीर केलं की ताज्या सर्टिफिकेशन निकषांसाठी एव्हियॉनिक्स बेमधल्या (विमानातल्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या कप्प्यातल्या) उपकरणांच्या जागा बदलाव्या लागतील आणि वायरिंगही बदलावं लागेल. पहिली डिलिव्हरी २०१८ वरून २०२० वर गेली. उपकरण चालतं का, हा अशा वेळी प्रश्नच नसतो. शेजारी काहीतरी फुटलं तर काय, हा असतो. एकाच कामाचे दोन संगणक ठेवले म्हणजे झालं असं नाही, ते दोन्ही एकाच गळक्या पाइपखाली नसावे लागतात. फुटलेला टायर, सुटलेली टर्बाइनची चकती, शिरलेलं पाणी, स्फोट, अशी एकेक आपत्ती घेऊन ती विमानातून जाताना वाटेत काय काय तोडते ते बघायचं, याला पार्टिक्युलर रिस्क अ‍ॅनालिसिस म्हणतात. प्रत्येक कप्प्यात उतरून कोण कोणाच्या शेजारी आहे ते पाहणं म्हणजे झोनल अ‍ॅनालिसिस. हे काम उशिरा केलं की उत्तर ‘पेटी हलवा’ असं येतं. पेटी हलली की वायरींच्या जुड्यांची लांबी बदलते, क्लॅम्प बदलतात, कनेक्टर वळतात, दोन वाहिन्यांमधलं अंतर पुन्हा मोजावं लागतं, वायरिंगची सगळी कलमं पुन्हा उघडतात, आणि विजेचा झटका व तीव्र रेडिओ लहरी यांच्या चाचण्या जुन्या वायरिंगवर झाल्या असतील तर त्यांची वैधता पुन्हा सिद्ध करावी लागते. सुमारे ३,९०० तास चाचणी उड्डाणं झाल्यानंतर ७ फेब्रुवारी २०२३ ला तो प्रकल्प बंद झाला.

पाया ठरला की प्रत्येक कलम कसं सिद्ध करणार हे ठरवायचं. ईएएसएच्या यादीत एमसी० पासून एमसी९ पर्यंत दहा पद्धती आहेत: नुसतं विधान, रेखाचित्रं, गणित, सुरक्षा मूल्यांकन, प्रयोगशाळेतली चाचणी, विमानावर जमिनीवरची चाचणी, उड्डाण चाचणी, प्रत्यक्ष पाहणी, सिम्युलेशन आणि उपकरणाची पात्रता. वाद बहुतेक एमसी२ आणि एमसी४ च्या सीमेवर होतात. अर्जदार म्हणतो, गणित पुरे, जुन्या विमानावर हेच मॉडेल वापरलं होतं. प्राधिकरण विचारतं, ते मॉडेल या नव्या मटेरियलसाठी कोणत्या चाचणीशी ताडून पाहिलंत? या प्रश्नाला तयार उत्तर असेल तर बैठक अर्ध्या तासात संपते. नसेल तर पुढचे आठ-दहा महिने नमुने तयार करून तोडण्यात जातात.

इथेच सगळ्यात महागडी चूक होते. पद्धत मान्य व्हायच्या आत चाचणी उरकून घ्यायची. रिग (भाग बसवून त्यावर भार देणारी चौकट) मोकळी आहे, माणसं मोकळी आहेत, मग थांबायचं कशाला, असा तो हिशोब असतो. चाचणी उत्तम होते, आकडे छान येतात, आणि नंतर कळतं की प्राधिकरणाला भार दुसऱ्या क्रमाने हवा होता किंवा तापमान आणि आर्द्रता दोन्ही धरायचे होते. ती चाचणी कंपनीच्या माहितीसाठी राहते, तक्त्यात तिचा उपयोग शून्य.

खुर्च्यांचं एक सांगायला हवं, कारण बाहेरच्यांना ती किरकोळ बाब वाटते. खुर्चीला दोन धक्के सोसावे लागतात: खालच्या दिशेचा १४ जी आणि पुढच्या दिशेचा १६ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या १४ आणि १६ पट. पुढच्या धक्क्याच्या वेळी केबिनच्या जमिनीतले दोन रूळ मुद्दाम वाकडे केलेले असतात, एक १० अंश वर-खाली आणि दुसरा १० अंश पिळलेला, कारण अपघातात जमीन सरळ राहत नाही. पुतळ्याच्या डोक्याला बसलेल्या माराचा निर्देशांक १,००० च्या वर जाता कामा नये. बिझनेस क्लासची खुर्ची म्हणजे पडदा, टेबल, दार आणि कडा असलेलं छोटं कपाटच असतं. डोकं समोरच्या टीव्हीच्या कडेवर आपटलं आणि निर्देशांक वर गेला की कडेचा आकार बदला, पट्ट्यात एअरबॅग घाला आणि पुन्हा चाचणी. एअरलाइनने नंतर कापड किंवा टेबलाची बिजागरी बदलली तरी पुन्हा तपासणी. विमान तयार आणि खुर्च्या बाकी, हे दृश्य या धंद्यात नेहमीचं आहे.

सुरक्षा मूल्यांकन हा सगळ्यात कमी दिसणारा आणि सगळ्यात जास्त वेळ खाणारा भाग. कलम २५.१३०९ आणि त्यावरचं मार्गदर्शन सांगतं की विमान आणि माणसं गमावण्याइतका बिघाड दर उड्डाण-तासाला अब्जात एकापेक्षा दुर्मीळ हवा, आणि तो कुठल्याही एकाच बिघाडातून होता कामा नये. नवे लोक आकड्याच्या मागे लागतात. बिघाडांचं झाड (कशातून काय बिघडतं याची आकृती) काढतात, संभाव्यता गुणतात, दहाच्या उणे नवव्या घाताच्या खाली आलं की सुटकेचा श्वास सोडतात. अनुभवी तपासनीस आकड्याकडे शेवटी बघतो. आधी विचारतो: हे दोन बिघाड स्वतंत्र आहेत असं तुम्ही धरलंत, ते कशावरून? दोन्ही वाहिन्यांत एकच चिप आहे का, एकच कंपायलर आहे का, एकाच माणसाने एकाच पायरीवर दोन्हीकडे चुकीचा स्क्रू बसवला तर? लपून राहणारा बिघाड किती तासांनी तपासता? वैमानिकाला तो किती सेकंदांत कळेल आणि कळल्यावर तो काय करेल?

हा शेवटचा प्रश्न २९ ऑक्टोबर २०१८ आणि १० मार्च २०१९ नंतर पूर्वीसारखा राहिलेला नाही. ७३७ मॅक्सच्या त्या दोन अपघातांत ३४६ माणसं गेली. एकाच सेन्सरच्या चुकीच्या मापावरून यंत्रणा वारंवार नाक खाली ढकलत होती, आणि वैमानिक ते ओळखून काही सेकंदांत बरोबर कृती करेल असं धरलेलं होतं. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत नवा कायदा झाला. माणसाच्या प्रतिसादाबद्दलची गृहीतकं प्राधिकरणाने स्वतः पाहून मान्य केल्याशिवाय अतिमहत्त्वाच्या यंत्रणांचं काम कंपनीतल्या अधिकृत (प्राधिकरणाने सहीचा अधिकार दिलेल्या) माणसांकडे सोपवता येत नाही, आणि अर्जदाराने अशा यंत्रणांची माहिती आपणहून उघड करायची असते. पूर्वी कंपनीतला अधिकृत माणूस सही करायचा त्यातले कितीतरी कागद आता प्राधिकरणाकडे जातात. त्यामुळे वेळ वाढला, हे खरं. तो वेळ तिथे आधीपासूनच द्यायला हवा होता, हेही आम्ही तितक्याच ठामपणे म्हणू.

सॉफ्टवेअरचं गाडं वेगळ्या जागी अडतं. डीओ-१७८सी या विमानातल्या सॉफ्टवेअरच्या मानकाप्रमाणे सगळ्यात कडक पातळीला, म्हणजे लेव्हल एला, ७१ उद्दिष्टं आहेत, आणि त्यातली बरीच लिहिणाऱ्यापेक्षा वेगळ्या माणसाने तपासायची असतात. कोडमधल्या निर्णयाच्या ओळीत चार अटी असतील तर प्रत्येक अट एकटी बदलल्यावर निकाल बदलतो हे चाचणीने दाखवायचं. प्राधिकरण चार टप्प्यांवर येऊन बघतं: आराखडा, विकास, पडताळणी, शेवट. पहिल्या टप्प्यात फारसं काही सापडत नाही. तिसऱ्यात कळतं की रिक्वायरमेंटच अपुरी लिहिली होती. ‘सेन्सरचं माप अवैध असेल तर यंत्रणा सुरक्षित स्थितीत जाईल’ असं एखादं वाक्य असतं, आणि अवैध म्हणजे नेमकं काय, हे कुठेच नसतं. माप गोठलं तर? हळूहळू सरकत गेलं तर? ठरलेल्या एखाद्या क्षणी आलंच नाही तर? कोड लिहिणाऱ्याने त्याला सुचलं ते लिहिलं, चाचणी लिहिणाऱ्याने कोड बघून चाचणी लिहिली, आणि दोघांचं जुळलं. असं जुळणं पुरावा म्हणून चालत नाही. रिक्वायरमेंट सुधारायची तर खालचं डिझाइन, कोड, चाचण्या, मागोवा घेणारे तक्ते आणि वरचं सुरक्षा मूल्यांकन, सगळं पुन्हा.

७७७एक्सच्या बाबतीत १३ मे २०२१ ला एफएएने बोइंगला लिहिलेलं पत्र उघड झालं होतं. ८ डिसेंबर २०२० च्या चाचणी उड्डाणात वैमानिकाने सांगितलेलं नसताना विमानाचं नाक हललं होतं, महत्त्वाच्या एव्हियॉनिक्स यंत्रणेचा पुरावा आणि प्राथमिक सुरक्षा मूल्यांकनाची माहिती अपुरी होती, आणि म्हणून विमान टीआयएसाठी तयार नाही, असं त्यात म्हटलं होतं. टीआयए म्हणजे टाइप इन्स्पेक्शन ऑथरायझेशन. ते मिळाल्यावर प्राधिकरणाचे वैमानिक आणि इंजिनिअर विमानात बसतात आणि तिथून पुढची उड्डाणं सर्टिफिकेटसाठी मोजली जातात. त्याआधी कंपनीने हजार तास उडवले तरी ते कंपनीचे तास. ७७७एक्सला पहिलं टीआयए जुलै २०२४ मध्ये मिळालं, पहिल्या उड्डाणानंतर साडेचार वर्षांनी. नव्या विमानाच्या उशिराची बातमी वाचताना आम्ही सगळ्यात आधी हीच तारीख शोधतो.

आता कन्फॉर्मिटी. चाचणीला जो नमुना लावलाय तो मान्य रेखाचित्राप्रमाणेच बनलाय आणि चाचणीची मांडणी मान्य आराखड्याप्रमाणेच आहे, याची खातरजमा. सांगायला दोन ओळी, प्रत्यक्षात इथे आठवडे जातात.

चाचणीची सकाळ अशी असते. रिगवर फ्लॅपचा एक आधार बसवलेला, हायड्रॉलिक पंप सुरू करायची तयारी, संगणकावर शंभरेक स्ट्रेन गेजची (भागावरचा ताण मोजणाऱ्या पट्ट्यांची) मापं शून्यावर आणलेली. तपासनीस टेबलावर रेखाचित्रांची यादी पसरतो आणि टॉर्च घेऊन नमुन्याजवळ वाकतो. लेबलवरचा पार्ट नंबर वाचतो. यादीत रिव्हिजन ई आहे, लेबलवर डी. डी आणि ई मध्ये फरक काय? एका बुशचं (भोकात बसवलेल्या छोट्या नळीचं) मटेरियल बदललंय. त्याने ताकदीत फरक पडत नाही हे तिथल्या प्रत्येक इंजिनिअरला माहीत असतं. तपासनीस फॉर्म ८१००-१ वर ‘असमाधानकारक’ लिहितो. तो बरोबर करतो. फरक पडत नाही हे माहीत असणं वेगळं आणि कुणीतरी सहीनिशी तसं लिहिणं वेगळं. पंप बंद होतो. स्ट्रेस विभागातून टीप मागवायची, ती अधिकृत माणसाने मान्य करायची, आराखड्यात विचलनाची नोंद करायची. सगळे जागेवर असतील तर दुपारी चाचणी होते. बुश खरोखरच कमजोर निघाला तर नवा भाग बनवायचा आणि पुढची तारीख रिगच्या वेळापत्रकात जिथे मिळेल तिथे. कधी नमुना निर्दोष असतो आणि लोड सेलच्या (भार मोजणाऱ्या उपकरणाच्या) कॅलिब्रेशनची मुदत दोन दिवसांपूर्वी संपलेली असते.

कन्फॉर्मिटीची विनंती, फॉर्म ८१२०-१०, पुरवठादाराकडे भाग बनायला लागायच्या आधी पोचायला हवी. आतले थर, खालचा प्रायमर, झाकलेली भोकं नंतर दिसत नाहीत. भाग बंद झाल्यावर विनंती पाठवणं म्हणजे वरातीमागून घोडं. आम्ही आता नियमच केलाय: चाचणीचा आराखडा मंजुरीला जातो त्याच आठवड्यात त्यातल्या भागांची यादी खरेदी विभागाकडे जाते आणि ज्यांचं आतलं काम झाकलं जाणार आहे त्यांच्यावर खूण केलेली असते.

मोठ्या चाचण्यांबद्दल लोकांना थोडंफार माहीत असतं. पंख अपेक्षित कमाल भाराच्या दीडपट भाराखाली ३ सेकंद टिकायला हवा. फेब्रुवारी २००६ मध्ये ए३८० चा पंख १.४५ आणि १.५ पट यांच्या मध्ये तुटला. मजबुती आणि विश्लेषण जोडून ते कलम पूर्ण केलं गेलं आणि त्याच वर्षी १२ डिसेंबरला सर्टिफिकेट मिळालं. सप्टेंबर २०१९ मध्ये ७७७एक्सचं धड दीडपटीला पोचता पोचता, सुमारे ९९ टक्क्यांवर फाटलं. अशा अपयशात किती भारावर तुटलं यापेक्षा जिथे तुटेल असं गणिताने सांगितलं होतं तिथेच तुटलं का, हे जास्त महत्त्वाचं असतं. तिथेच तुटलं तर मॉडेल खरं आहे, थोडी जाडी वाढवून पुढे जाता येतं. भलतीकडे तुटलं तर त्या मॉडेलवर उभे असलेले सगळे कागद संशयात येतात.

प्रवासी बाहेर काढण्याची चाचणी: अंधार, निम्मीच दारं चालू, कोणती ते कर्मचाऱ्यांना माहीत नाही, वाटेत सामान, उशा आणि पांघरुणं टाकलेली, ९० सेकंद. माणसांत निदान ४० टक्के स्त्रिया आणि ३५ टक्के पन्नाशीच्या पुढचे असावे लागतात, तीन जणांकडे बाळाच्या आकाराच्या बाहुल्या दिलेल्या असतात. ए३८० मध्ये २६ मार्च २००६ ला ८७३ माणसं ७८ सेकंदांत उतरली. ही चाचणी फसली तर नुसती पुन्हा करून भागत नाही. माणसं नवी लागतात, गेल्या सहा महिन्यांत अशा चाचणीत भाग घेतलेली चालत नाहीत, आणि सरकपट्टी का उघडली नाही हे आधी शोधावं लागतं.

ब्रेकची चाचणी मात्र बघण्यासारखी. ब्रेक मुद्दाम झिजवलेले, १० टक्क्यांहून जास्त आयुष्य उरलेलं नाही. विमान पूर्ण वजनाने भरलेलं. धावपट्टीवर उड्डाणाच्या निर्णयवेगापर्यंत न्यायचं आणि रिव्हर्स थ्रस्टचा (इंजिनाच्या उलट्या जोराचा) आधार न घेता थांबवायचं. थांबल्यावर चाकांच्या मध्ये लाल-नारिंगी प्रकाश दिसतो, धूर निघतो, आणि थोड्या वेळात एकेक टायर सुस्कारा टाकत बसतो, कारण चाकातले फ्यूज प्लग वितळून टायर फुटायच्या आत हवा सोडतात. अग्निशमन दल शेजारी उभं असतं आणि ५ मिनिटं काहीही करत नाही. खऱ्या प्रसंगी त्यांना पोचायला तेवढा वेळ लागेल असं धरलेलं आहे. घड्याळ हातात घेऊन ती पाच मिनिटं उभं राहणं फार लांब वाटतं. इथे हायड्रॉलिकच्या नळीचा एखादा जोड तापून गळला आणि ज्योत पसरली की ब्रेक, चाक, नळ्यांचा मार्ग सगळं पुन्हा टेबलावर येतं.

हवामानावर कोणाचंच चालत नाही. थेट आडव्या वाऱ्यासाठी विमानं आइसलँडमध्ये केफ्लाविकला जाऊन बसतात. उंचीसाठी ए३५० बोलिव्हियात ला पाझ आणि कोचाबांबाला गेलं होतं. थंडी-उष्णतेसाठी फ्लोरिडात एग्लिनचं बंदिस्त हॅंगर आहे, तिथे बरीचशी खात्री करता येते. खऱ्या बर्फाच्या ढगांना मात्र हॅंगर नाही. नियमात थेंबांचा आकार, पाण्याचं प्रमाण आणि तापमान यांची चौकट दिलेली आहे. तसे ढग शोधत फिरायचं, मोजमाप करणारी उपकरणं पंखाखाली लावून. हंगाम हुकला की गणित सहा महिन्यांनी पुढे जातं, किंवा विमान दुसऱ्या गोलार्धात न्यायचं.

एक सुटा भाग सगळं थांबवू शकतो. ऑगस्ट २०२४ मध्ये ७७७एक्सच्या चाचणी विमानात इंजिनचा जोर पंखाकडे पोचवणाऱ्या थ्रस्ट लिंकला तडा सापडला, मग इतर विमानांतही, आणि उड्डाणं जानेवारी २०२५ पर्यंत बंद राहिली. ९ नोव्हेंबर २०१० ला ७८७ च्या चाचणी विमानात टेक्सासमध्ये लारेडोला उतरताना वीज-पॅनेलला आग लागली, पॅनेल आणि सॉफ्टवेअर सुधारून उड्डाणं डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सुरू झाली. भाग बदलला की आधीच्या कोणत्या चाचण्या अजून वैध आहेत हे एकेक करून तपासावं लागतं. या यादीवरूनच अर्जदाराची तयारी कळते. जी टीम बदलासोबतच ही यादी घेऊन येते तिचं काम महिन्यांत होतं.

७३७ मॅक्स ७ च्या बाबतीत इंजिनच्या तोंडाच्या अँटी-आइस यंत्रणेचा प्रश्न होता. कोरड्या हवेत ती जास्त वेळ चालू राहिली तर इनलेटचा कंपोझिट भाग तापून कमजोर होऊ शकतो. कंपनीने काही काळाची सूट मागितली होती. जानेवारी २०२४ मध्ये अलास्का एअरलाइन्सच्या मॅक्स ९ चा दरवाजाच्या जागचा प्लग हवेत निघून गेल्यानंतर तो अर्ज मागे घेतला आणि रचना बदलायचं ठरवलं. सूट मागणं बेकायदा नाही, पण वेळापत्रक सुटेवर उभं करू नये.

प्राधिकरणाच्या बाजूलाही पाणी मुरतं, ते सांगितलं नाही तर हे एकतर्फी होईल. फ्लटर (वेगात पंख-शेपटीला सुटणारी घातक थरथर), बर्फ, सॉफ्टवेअर, मानवी घटक या विषयांचे जाणकार मोजके असतात आणि तीन-चार प्रकल्पांचे कागद एकाच माणसाच्या टेबलावर येतात. इश्यू पेपरच्या प्रत्येक फेरीत प्राधिकरणाची बाजू, अर्जदाराची बाजू, पुन्हा प्राधिकरणाची, असं चालतं. माणूस बदलला की मागच्या फेरीत मान्य झालेलं पुन्हा उघडतं. २०१८-१९ मध्ये अमेरिकेचं सरकारी कामकाज ३५ दिवस बंद पडलं तेव्हा सर्टिफिकेशनचे कितीतरी लोक घरी होते. यावर एकच उपाय लागू पडलेला पाहिलाय: प्रत्येक बैठकीत काय ठरलं ते त्याच दिवशी लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घेणं आणि वाईट बातमी आपण आधी सांगणं. ताकाला जाऊन भांडं लपवलं की पुढचा प्रत्येक कागद दुप्पट बारकाईने वाचला जातो, आणि तो वेळ मग कोणत्याच वेळापत्रकात भरून निघत नाही.

शेवटी विश्वासार्हतेची उड्डाणं असतात. इंजिन आधी कुठल्या सर्टिफाइड विमानावर नसेल तर ३०० तास, असेल तर १५०, आणि तेही एअरलाइन जशी चालवेल तसं, तांत्रिक सोयी कमी ठेवून. त्याच वेळी फ्लाइट मॅन्युअल, देखभालीच्या मर्यादा, किमान उपकरणांची यादी पूर्ण व्हायला हवी. या कागदांकडे शेवटपर्यंत कोणी बघत नाही, आणि मग सर्टिफिकेट एका प्रकरणाच्या सुधारित पानासाठी अडकतं.

मायदेशाचं सर्टिफिकेट मिळालं तरी इतर देशांची मान्यता बाकी राहते. पूर्वी एफएएने मान्य केलेलं ईएएसए, आणि ईएएसएने मान्य केलेलं एफएए, बऱ्याच अंशी तसंच स्वीकारायचे. २०१९ नंतर फ्लाइट कंट्रोलसारख्या विषयांत युरोप स्वतः खोलात शिरतं. चीनच्या सी९१९ ला चिनी सर्टिफिकेट २९ सप्टेंबर २०२२ ला मिळालं आणि २८ मे २०२३ पासून ते प्रवासी नेऊ लागलं, पण युरोपची तपासणी त्यानंतरही चालूच राहिली. पुरावे एका प्राधिकरणाच्या भाषेत आणि सवयीत लिहिलेले असतात, दुसऱ्यासाठी मूळ आकड्यांपर्यंत जावं लागतं. म्हणून आम्ही पहिल्या दिवसापासून तक्त्यात दोन रकाने जास्त ठेवतो: दुसऱ्या प्राधिकरणाचं त्याच क्रमांकाचं कलम, आणि त्या दोन कलमांच्या शब्दांत असलेला फरक.